द्रवांची विशिष्ट उष्माधारकता आणि उष्णतावहन: साध्या साहित्यात मोजमाप कसे करावे

एकाच शेगडीवर सारख्या दोन भांड्यांत सारख्याच वजनाचे पाणी आणि शेंगदाणा तेल ठेवले, तर तेल पाण्यापेक्षा निम्म्याहून कमी वेळात तेवढेच तापते. यावरून तेल हे उष्णतेचे चांगले वाहक आहे, असा निष्कर्ष अनेक जण काढतात. वस्तुस्थिती उलट आहे. स्थिर तेलातून उष्णता पाण्याच्या मानाने सुमारे एक चतुर्थांश इतकीच वाहते. तेल लवकर तापते ते त्याची विशिष्ट उष्माधारकता पाण्याच्या निम्मीच असल्यामुळे, आणि त्यात वाहकतेचा वाटा जवळजवळ नसतो. 'किती उष्णता सामावते' आणि 'किती वेगाने पुढे सरकते' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि प्रत्येकासाठी वेगळा प्रयोग मांडावा लागतो. या लेखात दोन्ही प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेत किंवा घरच्या टेबलावर होतील अशा रीतीने दिले आहेत. दोन्हींसाठी शेंगदाणा तेल हा एकच द्रव घेतला आहे, कारण पहिल्या प्रयोगाचे उत्तर दुसऱ्या प्रयोगात प्रत्यक्ष वापरावे लागते.

एक ग्रॅम पदार्थाचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवण्यासाठी लागणारी उष्णता म्हणजे त्या पदार्थाची विशिष्ट उष्माधारकता. पाण्यासाठी ती ४.१८ ज्यूल आहे, इथेनॉल आणि ग्लिसरीन या दोहोंसाठी सुमारे २.४, खाद्यतेलांसाठी २ च्या आसपास, ॲल्युमिनियमसाठी ०.९०, पितळेसाठी ०.३८ आणि पाऱ्यासाठी केवळ ०.१४ ज्यूल आहे. उष्णतावाहकता हे वेगळे माप आहे. एक मीटर जाडीच्या आणि एक चौरस मीटर क्षेत्रफळाच्या थराच्या दोन बाजूंमध्ये एक अंशाचा फरक असताना दर सेकंदाला किती ज्यूल पलीकडे जातात, हे त्यातून कळते. पाण्यासाठी हा आकडा ०.६०, ग्लिसरीनसाठी ०.२८, खाद्यतेलांसाठी ०.१७ च्या जवळपास, ॲल्युमिनियमसाठी सुमारे २३७ आणि तांब्यासाठी सुमारे ४०० आहे. धातूंमध्ये मुक्त इलेक्ट्रॉन उष्णता वाहून नेतात. साध्या द्रवांत ती सोय नसल्यामुळे एका रेणूने शेजारच्या रेणूला धक्का द्यायचा, एवढाच मार्ग उरतो.

पहिला प्रयोग: तेलाची विशिष्ट उष्माधारकता

येथे मिश्रण पद्धत वापरावी. दहावीच्या विज्ञानात शिकवले जाणारे उष्णता विनिमयाचे तत्त्वच तिच्यामागे आहे: बंदिस्त व्यवस्थेत गरम वस्तूने गमावलेली उष्णता ही थंड वस्तूंनी मिळवलेल्या उष्णतेइतकी असते. गरम धातू ज्ञात वजनाच्या द्रवात टाकायचा आणि दोघांचे समान झालेले तापमान मोजायचे, एवढीच कृती आहे. मात्र पुस्तकातील धातूचा आकडा तसाच उचलू नये. बाजारात मिळणारे पितळ नेमक्या कोणत्या मिश्रणाचे आहे हे सांगता येत नाही आणि काही 'पितळी' बोल्टांवर केवळ मुलामा असतो. म्हणून तेच बोल्ट आधी पाण्यात टाकून त्यांची उष्माधारकता स्वतः ठरवावी आणि मग ते तेलात टाकावेत. अशा रीतीने पाणी हे आपले प्रमाण ठरते आणि साहित्यातील बऱ्याच उणिवा दोन्ही वेळा सारख्या राहिल्यामुळे उत्तरातून निघून जातात.

साहित्य असे घ्यावे: ॲल्युमिनियमचा पातळ कॅलरीमापी किंवा तशाच पातळ पत्र्याचा डबा, तो सैलसर बसेल असा थर्माकोलचा किंवा कापूस भरलेला मोठा डबा, पुठ्ठ्याचे झाकण, तारेची ढवळणी, एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातील डिजिटल काटा, सुमारे २०० ग्रॅम पितळी नट-बोल्ट, ते मावतील अशी मोठी परीक्षानळी आणि ०.१ अंशापर्यंत वाचता येणारे दोन तापमापी. खर्च करायचाच असेल तर तो तापमापीवर करावा. दीडशे ग्रॅम द्रवाच्या वजनात एक ग्रॅमची चूक झाली तर उत्तर एक टक्क्याहूनही कमी बिघडते, पण सात अंशांच्या तापमानवाढीत अर्ध्या अंशाची चूक झाली तर उत्तर सात टक्क्यांनी चुकते. दोन्ही तापमापी प्रथम एकाच भांड्यातील पाण्यात शेजारी शेजारी धरून त्यांच्यातील फरक टिपून ठेवावा.

बोल्ट कोरडेच तापवले पाहिजेत. उकळत्या पाण्यातून चिमट्याने काढलेल्या बोल्टांच्या आट्यांत सहज एक ग्रॅम पाणी अडकून राहते, आणि ते एक ग्रॅम पाणी तेलात सुमारे २४० ज्यूल उष्णता घेऊन येते, म्हणजे एकूण उष्णतेच्या पाच टक्क्यांहून अधिक. यासाठी बोल्ट कोरड्या परीक्षानळीत भरून, तोंडाशी कापसाचा सैल बोळा लावून, ती नळी उकळत्या पाण्यात उभी करावी. बोल्टांच्या मधल्या हवेमुळे ते तापण्यास वेळ लागतो, त्यामुळे वीस ते पंचवीस मिनिटे थांबावे आणि एक तापमापी बोल्टांच्या मधोमध ठेवून त्याचा आकडा स्थिर होईपर्यंत वाट पाहावी. '१०० अंश' असे गृहीत धरू नये. पुण्याच्या उंचीवर पाणी साधारण ९८ अंशांना उकळते, महाबळेश्वरला ९६ अंशांच्याही आत, आणि नळीतील बोल्ट त्याहून किंचित खालीच राहतात.

त्या अवधीत कॅलरीमापीचे ढवळणीसह वजन करावे, त्यात १५० ग्रॅम पाणी घ्यावे आणि दर अर्ध्या मिनिटाला तापमानाची नोंद सुरू करावी. पाच मिनिटांच्या नोंदी झाल्या की नळी बाहेर काढून पुसावी, बोळा काढावा आणि दोन-तीन सेकंदांत सर्व बोल्ट पाण्यात ओतावेत. नळी कॅलरीमापीच्या शक्य तितक्या जवळ आणून ओतावी, मात्र तिच्या बाहेरचा एकही थेंब आत पडू देऊ नये. लगेच झाकण ठेवून सावकाश पण सतत ढवळावे. तापमान चढून स्थिरावल्यानंतरही आणखी पाच मिनिटे नोंदी घेत राहावे. पुष्कळ जण सर्वोच्च आकडा मिळताच थांबतात. परंतु शिखरापर्यंत पोहोचेपर्यंतच काही उष्णता बाहेर गेलेली असते आणि ती किती गेली हे नंतरच्या उतारावरूनच समजते. आलेख कागदावर वेळ आणि तापमान मांडून, शेवटच्या उतरत्या रेषेला बोल्ट ओतल्याच्या क्षणापर्यंत मागे वाढवावे. तेथे मिळणारे तापमान हे खरे अंतिम तापमान मानावे.

यानंतर डबा आणि बोल्ट पूर्ण कोरडे करून हीच कृती १५० ग्रॅम तेल घेऊन करावी. तेल तापमानाची समानता सावकाश गाठते, त्यामुळे ढवळणी तळापर्यंत जाईल याची विशेष काळजी घ्यावी. बोल्टांना लागून असलेले तेल गरम आणि वरचे तेल थंड अशी स्थिती मिनिटभरही टिकू शकते आणि तापमापी कोठे आहे त्यावर आकडा बदलत राहतो. खोबरेल तेल वापरायचे असल्यास ते २४ अंशांच्या आसपास गोठते हे ध्यानात ठेवावे, कारण गोठलेला अंश वितळताना अप्रकट उष्मा शोषतो आणि हिशेब कोलमडतो. हिवाळ्यात या प्रयोगाला शेंगदाणा किंवा सूर्यफूल तेलच योग्य.

आता उदाहरणादाखल आकडे घेऊन हिशेब पाहू. समजा, बोल्ट २०० ग्रॅम आणि त्यांचे तापमान ९७.० अंश आहे, ॲल्युमिनियमचा डबा ढवळणीसह ४० ग्रॅमचा आहे, पाणी १५० ग्रॅम आहे, सुरुवातीचे तापमान २७.० आणि दुरुस्त केलेले अंतिम तापमान ३४.२ अंश आहे. वाढ ७.२ अंशांची झाली. पाण्याने १५० × ४.१८ × ७.२ म्हणजे ४५१४ ज्यूल आणि डब्याने ४० × ०.९० × ७.२ म्हणजे २५९ ज्यूल मिळवले. एकूण ४७७३ ज्यूल बोल्टांनी ६२.८ अंश थंड होताना गमावले, म्हणून बोल्टांची उष्माधारकता दर अंशाला ७६ ज्यूल ठरली. हाच आकडा पुढे वापरायचा आहे. त्याला २०० ने भागल्यास ०.३८ मिळतात, म्हणजे आपले बोल्ट खरोखर पितळेचे आहेत याची खात्रीही पटते.

तेलाच्या फेरीत सुरुवातीचे तापमान २७.० आणि अंतिम तापमान ३९.९ अंश मिळाले असे धरू. तेवढेच बोल्ट, तेवढ्याच वजनाचा द्रव, आणि वाढ मात्र ७.२ ऐवजी १२.९ अंशांची. बोल्टांनी ७६ × ५७.१ म्हणजे ४३४० ज्यूल दिले. त्यांपैकी डब्याने ३६ × १२.९ म्हणजे ४६४ ज्यूल घेतले आणि उरलेले ३८७६ ज्यूल तेलाला मिळाले. त्यांना १५० × १२.९ ने भागले की तेलाची विशिष्ट उष्माधारकता २.००, म्हणजे पाण्याच्या निम्म्याहून थोडी कमी, अशी मिळते. आपल्या प्रयोगात १.९ ते २.२ च्या दरम्यान उत्तर आले तर मोजमाप समाधानकारक समजावे. उत्तर २.५ च्या वर गेले तर बहुधा बोल्ट ओतण्यापूर्वीच थंड झाले असावेत.

उष्णतेची गळती कमी करण्याची आणखी एक जुनी युक्ती अठराव्या शतकातील शास्त्रज्ञ काउंट रम्फर्ड यांच्या नावाने ओळखली जाते. अपेक्षित वाढीच्या निम्म्या अंशांनी द्रव खोलीच्या तापमानाच्या खाली ठेवून सुरुवात करावी, म्हणजे पहिल्या टप्प्यात बाहेरून आत आलेली उष्णता आणि दुसऱ्या टप्प्यात आतून बाहेर गेलेली उष्णता बहुतांशी एकमेकींना छेदतात. युक्ती उत्तम आहे, परंतु जुलै महिन्यात कोकणात किंवा गोव्यात ती वापरू नये. तेथील दमट हवेत पाच-सहा अंशांनी थंड केलेल्या डब्याच्या बाहेरील बाजूस लगेच दव जमते, आणि दव जमताना जी उष्णता सोडते ती कोणत्याच हिशेबात धरलेली नसते.

दुसरा प्रयोग: स्थिर द्रवातून उष्णता कशी वाहते

पहिल्या प्रयोगात ढवळणे आवश्यक होते. दुसऱ्या प्रयोगात द्रवाची किंचितही हालचाल घातक ठरते. भांडे खालून तापवले की तळाचा द्रव प्रसरण पावून हलका होतो, वर चढतो आणि त्याची जागा थंड द्रव घेतो. हे अभिसरण वहनापेक्षा इतके प्रबळ असते की वहन त्यात पूर्ण झाकले जाते. याच रम्फर्ड यांनी १७९७ साली, स्थिर द्रव उष्णतेचे वहन मुळीच करत नाहीत, असे ठामपणे मांडले होते. ते चुकीचे ठरले, परंतु त्यांची दिशाभूल होण्याचे कारण समजण्यासारखे आहे, कारण द्रवांचे वहन खरोखरच फार क्षीण असते. १८३०च्या दशकात फ्रान्समधील सेझार देप्रे यांनी पाण्याचा उंच स्तंभ वरून तापवला आणि धातूच्या सळईत तापमान ज्या नियमाने उतरत जाते त्याच नियमाने ते पाण्यातही उतरते, हे दाखवून दिले. 'वरून तापवा' हीच या प्रयोगाची गुरुकिल्ली आहे: गरम आणि हलका द्रव वर, थंड आणि जड द्रव खाली असला की अभिसरणाला वावच राहत नाही.

मोजमापापूर्वी एक प्रात्यक्षिक करून पाहावे. उष्णता सोसणाऱ्या काचेच्या परीक्षानळीत बर्फाचा तुकडा टाकून, तो तरंगू नये म्हणून त्यावर तारेच्या जाळीची गुंडाळी बसवावी. नळी तीन चतुर्थांश पाण्याने भरून, तिरकी धरून केवळ वरचा भाग ज्योतीवर तापवावा. वरचे पाणी उकळू लागते आणि तळाशी बर्फ तसाच राहतो. नळीचे तोंड कोणाच्याही दिशेने नसावे आणि डोळ्यांवर चष्मा असावा, हे सांगणे आवश्यक आहे. येथे एक बारकावाही आहे. काचेची वाहकता पाण्याहून अधिक, साधारण १ च्या आसपास असते, त्यामुळे बर्फ सावकाश वितळतो त्यात काचेच्या भिंतीतून उतरलेल्या उष्णतेचा वाटा पाण्याइतकाच किंवा अधिकही असू शकतो.

प्रत्यक्ष मोजमापासाठी द्रवाचा पातळ, आडवा थर दोन धातूंच्या मध्ये धरावा लागतो. लेथचे काम करणाऱ्याकडून १०.६ सेंटीमीटर व्यासाची आणि ३.६ सेंटीमीटर जाडीची ॲल्युमिनियमची चकती कापून घ्यावी. तिचे वजन सुमारे ८५० ग्रॅम भरते. तिच्या कडेत मध्यापर्यंत जाणारे बारीक छिद्र पाडून त्यात तापमापीची काडी बसवावी. चकतीवर सिलिकॉन रबराचे ४ मिलीमीटर उंचीचे, आतून १० सेंटीमीटर व्यासाचे अरुंद कडे ठेवावे. कडे रुंद असेल तर त्याच्यातूनही उष्णता वाहील, आणि रबराची वाहकता तेलाच्या जवळचीच असल्यामुळे तो दोष सहज लक्षात येणार नाही. कड्यात काठोकाठ द्रव भरून, सपाट तळाचे ॲल्युमिनियमचे भांडे एका बाजूने तिरपे टेकवत हळूहळू खाली आणावे, म्हणजे हवेचे बुडबुडे दुसऱ्या बाजूने निघून जातात. हवेची वाहकता ०.०२६ इतकीच असल्याने एक मोठा बुडबुडाही थराचा काही भाग निकामी करतो. पाण्याच्या फेरीसाठी उकळून थंड केलेलेच पाणी वापरावे, अन्यथा त्यात विरघळलेली हवा तापल्यावर नेमकी वरच्या धातूखाली जमा होते. चकतीच्या खाली आणि भोवती थर्माकोल असावा, वरच्या गरम भांड्याभोवती मात्र कापूसच गुंडाळावा, कारण त्या तापमानाला थर्माकोल मऊ पडू लागतो. शेवटी संपूर्ण मांडणी पातळीमापक ठेवून आडवी करावी. थर कलता राहिला तर त्यात संथ अभिसरण सुरू होते आणि वाहकता आहे त्याहून जास्त दिसते.

आता वरच्या भांड्यात उकळते पाणी ओतावे. येथे हाच विषय आपल्या विरुद्ध उभा राहतो: भांड्याच्या तळाशी असलेले पाणी चकतीकडे उष्णता देऊन थंड होते, जड झाल्यामुळे तळाशीच बसून राहते आणि वरच्या गरम पाण्यापासून तळाला जणू तोडून टाकते. म्हणून वरचे पाणी सतत ढवळावे, थोडे थोडे काढून त्या जागी उकळते पाणी घालत राहावे, आणि तापमान पाण्याचे न मोजता तळाच्या धातूचे मोजावे. त्यासाठी दुसऱ्या तापमापीची टोकाची काडी आतील तळावर ॲल्युमिनियमच्या चिकटपट्टीने पक्की करावी. पहिली दोन ते तीन मिनिटे थरात तापमानाचा उतार तयार होण्यात जातात, त्या काळातील नोंदी सोडून द्याव्यात. पुढे दर अर्ध्या मिनिटाला दोन्ही तापमाने टिपावीत आणि चकती दर मिनिटाला किती अंशांनी चढते ते काढावे.

चकतीला मिळणारी उष्णता म्हणजे तिची उष्माधारकता गुणिले चढण्याचा वेग. परंतु चकतीबरोबर द्रवाचा थरही तापत असतो आणि त्याच्या वाट्याची उष्णता दुर्लक्षित करून चालत नाही. थराचा वरचा पृष्ठभाग स्थिर तापमानाला आणि खालचा चकतीबरोबर चढणारा असल्यामुळे, गणित केल्यास, थराच्या उष्माधारकतेचा एक तृतीयांश भाग चकतीच्या उष्माधारकतेत मिळवावा लागतो. पहिल्या प्रयोगातील उत्तर येथे उपयोगी पडते. ८५० ग्रॅमच्या चकतीची उष्माधारकता ७६५ ज्यूल आहे. ३१ ग्रॅम पाण्याच्या थराची १३० ज्यूल, तिचा एक तृतीयांश ४३, म्हणून एकूण ८०८. २९ ग्रॅम तेलाच्या थराची ५८ ज्यूल, तिचा एक तृतीयांश १९, म्हणून एकूण ७८४.

समजा, वरच्या तळात आणि चकतीत ५० अंशांचा फरक असताना पाण्याच्या फेरीत चकती मिनिटाला ४.४ अंशांनी चढली, म्हणजे सेकंदाला ०.०७३३ अंशाने. उष्णतेचा प्रवाह ८०८ × ०.०७३३ म्हणजे सुमारे ५९ वॅट झाला. त्याला थराच्या जाडीने, म्हणजे ०.००४ मीटरने गुणून, क्षेत्रफळ ०.००७८५ चौरस मीटर आणि तापमानातील फरक ५० यांच्या गुणाकाराने भागावे. वाहकता ०.६० मिळते. तेलाच्या फेरीत तोच फरक असताना चकती मिनिटाला १.२५ अंशांनी चढली, तर प्रवाह १६.३ वॅट आणि वाहकता ०.१६६ येते. स्वतःच्या मोजमापात पाण्याचे उत्तर ०.६ पासून दहा टक्क्यांनी दूर गेले तरी निराश होण्याचे कारण नाही. कड्याची जाडी किंवा क्षेत्रफळ मोजताना झालेली चूक दोन्ही फेऱ्यांत सारखीच असते, त्यामुळे तेल आणि पाणी यांचे गुणोत्तर वेगवेगळ्या आकड्यांपेक्षा अधिक भरवशाचे असते. पाण्याचे उत्तर ०.८ किंवा त्याहून जास्त आले, तर मांडणी कललेली आहे असे समजून प्रथम पातळी तपासावी.

दोन्ही राशी हाती आल्यावर त्या एकत्र वापरून वेळेचा अंदाज बांधता येतो. वाहकतेला घनता आणि विशिष्ट उष्माधारकता यांच्या गुणाकाराने भागले की उष्णता पसरण्याचा दर मिळतो. पाण्यासाठी तो सेकंदाला ०.१४ चौरस मिलीमीटर आणि तेलासाठी ०.०९ आहे. अंतराच्या वर्गाला या दराने भागावे. स्थिर पाण्यात एक सेंटीमीटर खोलीपर्यंत उष्णता जाण्यास साधारण बारा मिनिटे लागतात, आणि दहा सेंटीमीटरसाठी दहापट नव्हे तर शंभरपट, म्हणजे सुमारे वीस तास. उभ्या गिझरमध्ये वर गरम आणि खाली थंड पाण्याचे थर बराच वेळ वेगळे राहतात ते यामुळेच, आणि तापवणारी कांडी तळाजवळ बसवण्याचे कारणही हेच आहे.

गुजरातमध्ये भूज येथे ६००० चौरस मीटरचे सौर तळे बांधले गेले आणि १९९०च्या दशकात त्यातून तेथील डेअरीला गरम पाणी पुरवले गेले, त्यामागेही स्थिर पाण्याचे हेच दुर्वहन होते. तळाशी मीठ अधिक आणि वर कमी अशी रचना केली की तळाचे पाणी उन्हाने तापूनही जडच राहते, वर चढत नाही, आणि त्यावरील मीटरभर स्थिर पाणी झाकणाचे काम करते. याच्या नेमके उलट टोक तामिळनाडूतील कल्पाक्कम येथील एका अणुभट्टीत दिसते. तेथे उष्णता वाहून नेण्यासाठी द्रवरूप सोडियम वापरतात. त्याची विशिष्ट उष्माधारकता सुमारे १.३, म्हणजे तेलाहूनही कमी, पण धातू असल्यामुळे वाहकता पाण्याच्या शंभरपटीहून अधिक असते.